वाऱ्याचा डोळा

नाणे मावळ,
१३ ऑगस्ट १९४३

चार पानं लिहिलीस आन् त्यात तू कुटंच न्हाईस. पोस्टमन कामशेतवरून चिखल तुडवत आला, तांब्याभर पाणी पिऊन गेला. मी दिवसभर अक्षराला अक्षर जोडत बसले, तर निघालं काय? इंग्रजी शब्दांची कुळकथा! कंचा शब्द आधी काय हुता आन् मग काय झाला. अगं, तुझं काय झालं ते लिही की.

आता आशीर्वाद घे, शालू.

पंचमी होऊन आठ दिस झाले. गावच्या साऱ्या लेकी आल्या, फेर धरला, गेल्या. तुझा बाप मुराळी म्हणून तुला माहेरी आणायला लोणावळ्याला गेला, तो तुझ्या सासऱ्याचा च्या पिऊन हात हालवत परत आला. म्हटलं, "अंबाजी, लेक कुटंय?" तर म्हणतो, "भिमाजीराव लय गोड बोलले." गोड बोलले! मुराळी मोकळा परत येतो व्हय? बैल आणायला गेलेला दावं घेऊन येतो, तसा आला.

लग्नाला सव्वा वर्ष झालं. अजून उंबऱ्याला पाय लागला न्हाई तुझा. आई मेल्यापासून मी वाढवलं तुला. इंग्रजी तिसरीपतूर तळेगावात ठेवलं, ते असली पत्रं वाचायला न्हाई. जावई हौशीराम बसऱ्याला पोचला का? रेल्वेच्या पलटणीत भात मिळतो का रोटी? घरात तू आन् सासरा दोघंच. दिवसभर करतीस काय?

ह्या बारीला शब्द नकोत. तू लिही.

— मुक्ताबाई

●

रेल्वे चाळ, लोणावळा,
२२ ऑगस्ट १९४३

ती. आजीस शालूचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. ‘हे’ बसऱ्याला पोचल्याचे कार्ड आले, तेही खुशाल आहेत. मामंजी खुशाल आहेत. पाऊस खुशाल आहे.

तू रागावलीस, पण आधी ऐक. मामंजी स्टेशनात पार्सलबाबू आहेत. तिथे तपासल्याशिवाय एकही पार्सल पुढे जात नाही, तसेच घरातले पत्रही. येणारे आणि जाणारे, दोन्ही. ते म्हणतात, बाईमाणसाच्या पत्रात घरचा मजकूर कशाला? ज्ञान असावे. म्हणून मी ज्ञान लिहिते. शेजारच्या सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांच्याकडे शब्दांच्या जन्मकथांचे एक जाड पुस्तक आहे. दुपारी खिडकीच्या गजातून त्यातले पान वाचून दाखवतात, अर्थ सांगतात.

आजचा शब्द लेडी. साहेबाच्या मडमेला म्हणतात ना, तो. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता पीठ मळणारी. आणि लॉर्ड म्हणजे भाकरीची राखण करणारा. हळूहळू मळणारीचे हात कोरडे झाले आणि राखणारा मोठा सरदार झाला. आपल्या घरी तो मान मामंजींचा. रेशनच्या धान्याची कोठी त्यांच्याच किल्लीत असते. रोजचे ते काढून देतात.

तुझी,
शालू

(खाली निळ्या पेन्सिलीने : पाहिले. ठीक. — भिमाजी)

●

नाणे मावळ,
५ सप्टेंबर १९४३

पीठ मळणारीला लेडी म्हणत असतील तर मी साठ वर्षं लेडी हाय, मला कुणी सांगितलंच न्हाई. तुझ्या आज्याला कळलं असतं तर हसून हसून मेला असता. तो मेला तापानं.

शालू, मी शाळेत गेले न्हाई हे तुला ठावं हाय. तुझा आजा गेणू घाटात सांधेवाला हुता, रुळाचे सांधे फिरवायचा. नोकरी टिकवायला त्याला नेमाचं पुस्तक पाठ पाहिजे हुतं आन् त्याचं डोकं तर उखळ. मग मीच अक्षरं शिकले, एक एक नेम वाचला, त्याच्याकडनं भाकरी थापता थापता घोकून घेतला. जन्मात तेवढं एकच पुस्तक वाचलं. पण वाचलं ते नीट वाचलं. म्हणून मला कळतं, कागदावर काय लिवलंय आन् काय ऱ्हायलंय.

कोठीची किल्ली बाईच्या कमरेला असती. सासू न्हाई त्या घरात, तर मग सुनेच्या. सासऱ्यानं पसा पसा मोजून द्यायचं, ही कंची रीत? पोटभर जेवतीस का? सरळ सांग.

आन् भिमाजीराव, तुमी वाचताय म्हणून कळलं. वाचा की. माझं अक्षर वाकडं हाय, चष्मा लावून वाचा. लेकीला दिवाळीला धाडा.

— मुक्ताबाई

●

लोणावळा,
१० ऑक्टोबर १९४३

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर : पोटभर जेवते.

आता शब्द. स्टार्व्ह म्हणजे आज उपाशी राहणे. पण मूळ अर्थ नुसता मरणे. थंडीने, दुखण्याने, कशानेही. पुढे बाकीची सगळी मरणे त्या शब्दातून गळून गेली, उपासाचे तेवढे राहिले. मला वाटते, गळून गेलेली मरणेही कुठेतरी असतीलच. त्यांना नाव नाही एवढेच.

सिली म्हणजे मूर्ख. आधी त्याचा अर्थ होता सुखी, देवाचा आशीर्वाद असलेली. मग झाला भोळी. मग बिचारी. मग मूर्ख. सरोजिनीबाई म्हणाल्या, एवढ्या पायऱ्या उतरायला त्याला पाचसातशे वर्षे लागली. मी म्हटले, काहींना कमी लागतात.

नाइट आणि नेव्ह. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता, पोरगा, घरगडी. पुढे एक घोड्यावर बसून शूर सरदार झाला, दुसरा लबाड चोर ठरला. दोघांचे काय चुकले, पुस्तकात दिलेले नाही.

गर्ल म्हणजे मुलगी. पूर्वी मुलगा असो वा मुलगी, कोणत्याही लेकराला गर्लच म्हणत. हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला. मला तिसरा महिना सुरू आहे. आपण कोणतेही चालेल असे म्हणू.

दिवाळीला येणे होणार नाही.

तुझी,
शालू

(निळ्या पेन्सिलीने : पाहिले. सूनबाईची प्रगती चांगली आहे. — भिमाजी)

●

नाणे मावळ,
२ नोव्हेंबर १९४३

दिवाळी झाली. तुझ्या वाटणीची करंजी कुत्र्याला घातली, कारण तुझ्या बापाला घालायला मन झालं न्हाई.

शालू, पोटुशी हायेस, चांगलं झालं. पण "पोटभर जेवते" म्हणतीस आन् लगेच खाली उपासमारीचा शब्द लिवतीस, तर मी काय समजायचं? मी येडी न्हाई. तुला उपाशी ठेवतात का? अंबाजीबरोबर दोन पायली आंबेमोहोर धाडलाय. मऊ भात करून, वर तूप घेऊन खा. सासऱ्यानं मोजला तर मोजू दे, तांदूळ माझा हाय.

तुझे ते दोन पोरगे माझ्या डोक्यातून जात न्हाईत, एक सरदार झाला आन् एक चोर. पुस्तकात न्हाई म्हणतीस, पण मला ठावं हाय त्यांचं काय चुकलं. काय बी न्हाई. दोन गाड्या एकाच रुळावरनं येतात. पुढं सांधा असतो. एक पुण्याला जाती, एक दरीच्या कडेला. गाडी काय आपण हून वळत न्हाई. शब्द बी आपण हून बदलत न्हाईत गं. कुणीतरी सांधा फिरवतं, आन् आपण बघतो गाडीकडं.

भिमाजीराव, पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी काढली न्हाई. सातवा लागायच्या आत लेक धाडा.

— मुक्ताबाई

●

लोणावळा,
११ नोव्हेंबर १९४३

ती. मुक्ताबाई यांसी भिमाजीचा नमस्कार, वि. वि.

आपला तांदूळ दोन पायली पोचला. तपासून कोठीत ठेवला. या घरात कोणी उपाशी नाही. ‘उपाशी ठेवतात का’ असे आपण उघड्या कार्डावर लिहिले. टपाल चाळीत चार हातांतून येते. तीस वर्षे सचोटीने नोकरी करून मिळवलेल्या अब्रूचे काय झाले असेल, याचा विचार आपण केला नाही.

सध्या लढाईचे दिवस. सोल्जरांच्या लॉऱ्या रात्रंदिवस खंडाळ्यापर्यंत ये-जा करतात. मी सकाळी आठला ड्यूटीवर जातो, सायंकाळी सहाला येतो. मधल्या वेळात दाराला बाहेरून कुलूप असते. ते सूनबाईच्याच रक्षणासाठी. घरात दुसरी बाई नाही. मुलगा सरकारी कामावर परदेशी. सून ही माझ्याकडे त्याची ठेव आहे आणि ठेव जशी घेतली तशी परत करणे हे माझे कर्तव्य. सबब बाळंतपणास पाठवता येणार नाही. येथे रेल्वेचा डॉक्टर आहे.

खिडकीतून शेजारणीशी फार बोलणे होत होते, त्यामुळेच असले प्रश्न निघतात. त्याचाही बंदोबस्त केला आहे.

यापुढे पत्रात शब्दज्ञानाखेरीज मजकूर नसावा, ही विनंती. कळावे.

आपला,
भिमाजी

●

लोणावळा,
१६ जानेवारी १९४४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. पुस्तक बंद झाले. आठवतात तेवढे शब्द लिहिते.

विंडो म्हणजे खिडकी. हा दोन शब्दांचा जोड आहे, वारा आणि डोळा. वाऱ्याचा डोळा. जुन्या काळी भिंतीला नुसते भोक असे, त्यातून वारा आत बघे. आता इंग्रज लोक विंडो म्हणतात, पण त्यात डोळा आहे हे त्यांना आठवत नाही. आमच्या डोळ्यावर दिवाळीनंतर फळ्या ठोकल्या आहेत. थंडी कमी लागते.

क्लॉझेट. पूर्वी म्हणजे स्वतःची एकान्ताची खोली, जिथे बसून माणूस वाचे, विचार करी. आता म्हणजे कपाट, ज्यात वस्तू बंद करून ठेवतात. खोली तीच, फक्त आतला माणूस गेला आणि वस्तू आली.

हसी. हाउसवाइफ या शब्दाचेच ते आखूड रूप, घर सांभाळणारी. आता ती शिवी आहे.

~~आपल्या घरातही शब्द बदलतात. मागच्या फाल्गुनात ‘शालूला ताप आला होता, आता उतरला’ असे तुला कळवले होते. तो ताप नव्हता, आजी.~~

सातवा लागला आहे.

तुझी,
शालू

(निळ्या पेन्सिलीने : पाहिले. एक परिच्छेद विषयास सोडून असल्याने काढला. — भिमाजी)

●

नाणे मावळ,
२८ जानेवारी १९४४

सरोजिनीबाई,

तुमी मला वळखत न्हाई, मी बी तुमाला न्हाई. मी तुमच्या शेजारच्या शालूची आजी. हे पत्र शाळेच्या पत्त्यावर धाडतेय, कारण चाळीत आलं तर कुणाच्या हातात पडंल ते सांगता येत न्हाई. पाकिटात घातलंय. मागं उघडं कार्ड धाडायची चूक माझ्या हातनं झाली, त्याची शिक्षा पोरीच्या खिडकीला झाली.

निळ्या पेन्सिलीची रेघ उन्हात धरली की खालची शाई दिसती. रेघ मारणाराला वाटतं पुसलं. मागच्या फाल्गुनात माझ्या नातीला काय झालं हुतं? ताप न्हाई असं ती लिवती. मग काय?

मी म्हातारी हाय, गोडधोड करून सांगू नका. जे झालं ते सांगा. आन् उत्तर तुमी लिवा, कुणाला विचारून लिवू नका.

— मुक्ताबाई

●

लोणावळा,
६ फेब्रुवारी १९४४

ती. मुक्ताबाईंना सरोजिनीचा नमस्कार.

तुम्ही सरळ विचारलेत, मी सरळ सांगते. मागच्या मार्चमध्ये शालूला पाचवा महिना होता. माहेरी कोणाला कळवलेले नव्हते, नवरा कामावर बाहेरगावी होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिने भिंतीवर भांडे आपटायला सुरुवात केली. मी सुट्टीत घरी होते. बाहेर गेले तर दाराला कुलूप. खिडकीतून ती म्हणाली, "बाई, मामंजींना बोलवा."

किल्ली फक्त त्यांच्याजवळ असते. मी धावत पार्सल ऑफिसात गेले. मेल यायची वेळ होती, ते पार्सले तपासत होते. म्हणाले, "मेल गेली की आलोच." पाऊण तास गेला. दार उघडले तेव्हा सगळे संपले होते.

ते दुष्ट आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांनी त्या दिवशी देवापुढे डोके आपटून घेतलेले मी पाहिले आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी पुन्हा कुलूप लावले.

आणखी एक. ती मला शब्द विचारायची तेव्हा मला वाटायचे, अभ्यासाची आवड आहे. मी एका बैठकीत वीस शब्द सांगत असे. त्यांतले तुम्हाला कोणते लिहायचे, ते तीच निवडायची. आता तिची पत्रे तुम्ही पुन्हा काढून वाचा. मला तेव्हा कळायला हवे होते.

कुलूप अजून तसेच आहे. फळ्यांमुळे तिचा आवाजही आता नीट येत नाही. भांडे आपटले तर येईल.

तुमची,
सरोजिनी

●

नाणे मावळ,
१ मार्च १९४४

चि. शालू, आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांनी शब्दज्ञान लिवा म्हटलंय. तर आज मी बी एक शब्द लिवते. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

कंट्रोल. कामशेतच्या बाजारात पोरासोराला ठावं हाय. कंट्रोलची ज्वारी म्हणजे किडकी, कंट्रोलचं लुगडं म्हणजे एका धुण्यात चाळण. पण तुझ्या आज्याच्या काळात, तीस सालाआधी, घाटात ह्या शब्दाला लय मान हुता. सांगते.

घाटाचा उतार तुला ठावं हाय. वरून सुटलेली गाडी ब्रेकात राहिली न्हाई तर खाली खंडाळ्याच्या दरीत. म्हणून मधी एक डोंगरावर चढणारा रूळ घातला, त्याला क्याच साइडिंग म्हणत. बेफाम गाडी त्यावर चढती आन् चढावर दमून उभी ऱ्हाती. सांधा कायम त्या साइडिंगकडंच लावून ठेवायचा. सरळ रस्ता कायम बंद. गाडी कुणाची बी असू दे, गव्हर्नराची असू दे, सांध्यापाशी यायचं, उभं ऱ्हायचं, शिट्टी द्यायची. त्या शिट्टीचा अर्थ, गाडी माझ्या कंट्रोलमधी हाय. मग सांधेवाला सांधा फिरवायचा आन् गाडी सरळ जायची.

आता नेम ऐक, पाठ हाय मला. गाडी उभी राहिली, शिट्टी झाली, की सांधेवाल्यानं इलंब न लावता रस्ता द्यावा. मनाला येईल तवा न्हाई. हातातलं काम संपवून न्हाई. साइडिंग बेफाम गाडीसाठी असती. उभ्या राहिलेल्या गाडीला तिच्यात कोंडणं ह्याला नेमाच्या पुस्तकात राखण म्हणत न्हाईत, कसूर म्हणतात.

कंट्रोल म्हणजे आधी गाडी हाकणाराचा सोताच्या गाडीवरचा ताबा. आता म्हणजे दुसऱ्यानं तुमच्या ताटात काय वाढायचं ते ठरवणं. बघ, मला बी जमलं का न्हाई?

मी बी अकरा वर्षं घाटातल्या कोठडीत काढली, शालू. एका अंगाला बोगदा, एका अंगाला दरी, आठवड्यातून एकदा बाजाराची गाडी. बाहेर पडायला जागा नव्हती. पण दाराला कुलूप नव्हतं.

भिमाजीराव, तुमी रेल्वेचे हाय. लेक तुमच्या सांध्यापाशी उभी हाय. शिट्टी चार पत्रांपासनं चालू हाय.

— मुक्ताबाई

(पाकीट परत आले. वर निळ्या पेन्सिलीने : पाहिले. विषयास धरून नाही. पाठवणारास परत. — भिमाजी)

●

रेल्वे चाळ, लोणावळा, तुमच्या पायरीवर,
२७ मार्च १९४४

तुमच्या दारात बसायला एक पाट बी न्हाई, भिमाजीराव. व्याह्याची आई मुराळी म्हणून आली आन् कुलपाशी बोलत बसली. परवा पाडवा झाला, तुमच्या दारावरचं आंब्याचं तोरण अजून हिरवं हाय. त्याच्या खाली पितळेचं कुलूप. तोरण कुणासाठी बांधलं, आत येणारासाठी का आत असणारासाठी?

नमस्कार करते. आता नीट वाचा. कागद वळखीचा वाटंल. तुमी परत धाडलेल्या पत्राची ही मागची बाजू. कोरी हुती, वाया कशाला घालवू.

मी सकाळच्या गाडीनं आले. अंबाजीला आणलं न्हाई, तो तुमचा च्या पितो. संगती गावची सुईण हाय, सरुबाई. सांगून आले असते तर तुमी बंदोबस्त केला असता, म्हणून न सांगता आले. येऊन बघते तर फळीच्या आडनं भांडं वाजतंय.

म्हटलं, "कोण गं?"

आतनं आवाज आला, "आजी, मी हाय."

वर्षभर तुमच्या पेन्सिलीखालनं मला पत्रं आली. त्यात शब्द हुते, ती कुटंच नव्हती. आज फळीच्या चिरेतनं पहिल्यांदा आली. मी इचारलं, "कळा कवापासनं?" म्हणाली, "मामंजींनी कुलूप लावलं तवापासनं." कळा येत असताना बी पोरीची जीभ शाबूत हाय, म्हणजे ती अजून धडधाकट हाय. तुमी निघताना तिनं सांगितलं हुतं म्हणे, पोट दुखतंय. तुमी म्हणालात, सायंकाळी डॉक्टरला बोलावू. नववा नुकता लागलाय, दिस भरले न्हाईत, पण पोर तुमच्या टाइमटेबलानं येत न्हाई.

सरुबाई फळीला कान लावून बसलीय. ती म्हणती, कळा लांब लांब हायेत, दुपारपतूर वेळ हाय. आमी तिला आत येरझारा घालायला सांगितलंय, एका भिंतीपासनं दुसऱ्या भिंतीपतूर. आठ पावलं भरतात. मी मोजते हाय बाहेरनं.

रुळाच्या गँगचा मुकादम नथू घण घेऊन आला हुता. चाळीतल्या बायकांनी त्याला बोलावलं. एका घावात कुलूप जाईल म्हणतो. मी त्याला थांबवून ठेवलंय. तुमच्यावर दया आली म्हणून न्हाई. कुलूप फोडून मी लेक नेली, तर उद्या तुमी आन् सारी लाइन म्हणंल, सून पळून गेली. हौशीरामाला बसऱ्याला कार्ड जाईल, आन् तिला परत यायला दार उरणार न्हाई. मागं तिनंच लिवलं हुतं, घर सांभाळणारीची शिवी कशी हुती ते. तसं मी होऊ देणार न्हाई. मुराळी दारात आला, घरच्यानं सोताच्या हातानं दार उघडलं, ओटी भरली, लेक माहेरी गेली. एवढंच झालं पाहिजे, आन् चाळीच्या डोळ्यादेखत झालं पाहिजे. फाल्गुनातलं मी आजवर कुणापाशी बोलले न्हाई. दार उघडलंत तर बोलणार बी न्हाई.

तुमी तिला ठेव म्हणालात. पार्सल उचलाय माणूस आला, तर पार्सलबाबू त्याला ते देतो. मी आलेय. वळख पटवायची असंल तर आतलीला इचारा.

हा कागद सरोजिनीबाई तुमच्या हातात देतील. मागल्या बारीला त्या आल्या तवा तुमी म्हणालात, मेल गेली की आलोच. आज बी मेल हाय, मला ठावं हाय. स्टेशन हितनं दिसतं. सिग्नल मी तुमच्या आधी वाचायला शिकले. मेलसाठी सिग्नलचा हात पडंपतूर नथूचा घण खाली ऱ्हाईल. हात पडला, मेल आली आन् तुमी तितंच पार्सलं उलटसुलट करत उभे दिसलात, तर घण उचलंल. मग अब्रू तुमची तुमी सांभाळा. त्याच्या आधी तिचं पाणी सुटलं, तर त्याच्या आधी.

ह्या पत्राचं उत्तर शालूनं द्यायचं न्हाई. सरोजिनीबाईंनी द्यायचं न्हाई. पेन्सिल तितंच टेबलावर ठेवा. उत्तर तुमी द्यायचं, भिमाजीराव, सोता चालत येऊन, किल्लीनं.

— मुक्ताबाई